एम.ए. कम्युनिकेशनचे 'लर्निंग आउटकम' खरेच मोजता येतात, की नुसता एक्सेल भरायचा?

वाळपई_लास्ट_बस (रविवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. प्रश्न मास्तरकीतला आहे, पण वर्तमानपत्रात किंवा रेडिओवर घासलेल्यांनी जास्त लिहावे ही विनंती.

मी गोव्यातल्या एका संस्थेत एम.ए.च्या मुलांना संज्ञापन शिकवते. वर्ग १८ जणांचा. यंदा नॅकची (कॉलेजांचा दर्जा ठरवणारी राष्ट्रीय संस्था) तयारी सुरू झाली आणि आउटकमची, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवे त्याची, फाईल माझ्या गळ्यात पडली, कारण विभागात सगळ्यांत उशिरा लागलेली मी. प्रत्येक पेपरचे पाच कोर्स आउटकम, सगळ्या अभ्यासक्रमाचे मिळून आठ प्रोग्राम आउटकम, दोघांची जोडी लावायची चौकट, आणि चौकटीत १, २, ३ आकडे. ज्यांनी भरली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

ज्यांनी नाही त्यांच्यासाठी आमचा हिशेब सांगते. वर्गातल्या ७० टक्के मुलांना त्या प्रश्नात ६० टक्क्यांहून जास्त गुण पडले की आउटकम 'पातळी ३'. ६० टक्के मुलांना पडले तर २, ५० टक्के मुलांना पडले तर १. हे उंबरे आम्हीच घातलेले, नॅकचे नव्हेत. त्यात गुणांना ८० टक्के वजन आणि शेवटच्या सेमिस्टरला भरून घेतलेल्या एक्झिट सर्व्हेला २० टक्के. गुणांचे ३, सर्व्हेचे २.७, म्हणजे २.४ अधिक ०.५४, झाले २.९४. आमचे झाडून सगळे आउटकम २.८च्या वर. एक्सेल असा हिरवागार की सत्तरी तालुक्यातला जुलै बघावा.

आता गंमत. १८पैकी १२ मुलांनी उंबरा ओलांडला तर ६६.७ टक्के, म्हणजे पातळी २. तेराव्या मुलाने ओलांडला की ७२.२ टक्के, पातळी ३. एका मुलाच्या एका गुणावर अख्ख्या अभ्यासक्रमाची पत वर-खाली. आणि तो गुण देणारी कोण? मीच. शिकवणारी मी, पेपर काढणारी मी, तपासणारी मी, आणि 'आमची मुले शिकली हो' असा दाखला देणारीही मीच.

पण मला खरा बोचतोय तो मार्चमधला प्रसंग. स्थानिक धंद्यातल्या एका माणसाची मुलाखत घ्या, मग वर्गात सादर करा, असा उपक्रम होता. सत्तरीतली एक मुलगी काजूच्या दारूच्या भट्टीवर गेली. तिचे रेकॉर्डिंग ४३ मिनिटांचे. सुरुवातीलाच भट्टीवरची म्हातारी तिला म्हणते, "पयलीं बस गो. उलोवप मागीर." (आधी बस, बोलणे नंतर.) आणि ही बसली! पुढची सहा मिनिटे रेकॉर्डिंगवर काही नाही, लाकडे तडतडतात आणि कुठे तरी थेंब पडतोय. माझ्यासारखीने तिसऱ्याच मिनिटाला 'मग आजी, किती वर्षे झाली या धंद्यात' करून घाण केली असती. सहा मिनिटांनी म्हातारी आपण होऊन बोलायला लागली. बोंडू (काजूची फळे) कोण तुडवते, नीरो (त्यांचा रस) कधी बिघडतो, पहिल्या धारेचा हुर्राक कोणासाठी बाजूला ठेवायचा, थोरला मुलगा भट्टी सोडून कंपनीत गेला त्या वर्षी भाण (भट्टीचे भांडे) कोणी उचलले. मी दोनदा ऐकले.

तीच मुलगी वर्गात उभी राहिली. इंग्रजीतून, दहा स्लाइड्स. हातातला कागद थरथरत होता. चार मिनिटांत 'थँक यू' म्हणून बसली. आमचे रुब्रिक (गुण देण्याच्या निकषांचा तक्ता) म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने २००९ साली काढलेल्या 'व्हॅल्यू' रुब्रिक्सपैकी मौखिक संज्ञापनाचे: मांडणी, भाषा, सादरीकरण, आधार, मुख्य मुद्दा असे पाच निकष आणि चार पातळ्या. तिला अनुक्रमे २, २, १, ३, २. वीसपैकी १०. म्हणजे आउटकम 'प्राप्त नाही'. दुसऱ्या एका मुलाने पोदेराची (पाववाल्याची) मुलाखत घेतली. नऊ मिनिटांचे रेकॉर्डिंग, त्यातली पाच मिनिटे हा स्वतःच बोलतोय. इंग्रजी झकास, सादरीकरण झकास, १७ गुण.

आणि ज्या प्रोग्राम आउटकमपुढे हे गुण चिकटवले तो वाचा: 'श्रोता, हेतू आणि संदर्भ ओळखून विद्यार्थी संदेश घडवील.' हे विधान आमचे नव्हे. अमेरिकेतल्या नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनने कम्युनिकेशनची पदवी घेतलेल्याला काय यायला हवे याची ९ विधाने केली आहेत, त्यातून जवळजवळ उचललेले. विधान चांगलेच आहे. पण श्रोता कोणी ओळखला होता, त्या दोघांत?

तुम्ही काय कराल? फाईल जुलैअखेर द्यायची आहे.

---

लेक्चर_बेसिस (रविवार, रात्री ११:५२)

मॅडम, रागावू नका, पण २.९४ आहे ना? मग झोपा. मी तीन कॉलेजांत तासिकांवर शिकवतो, आउटकम तिन्हीकडे भरतो. नॅकची तपासणारी पीअर टीम दोन दिवस आली होती. तिने फाईल उघडून मथळा बघितला, आकडा बघितला आणि ती जेवायला गेली. तुम्ही १.८ दाखवलात तर मात्र बसून विचारतील, असे का? प्रामाणिकपणाचा दंड कोण भरणार?

---

अडीच_मार्क (सोमवार, सकाळी ७:१०)

वरच्या भावाचा राग समजतो, पण सल्ला चुकीचा आहे. निदान मी बसलो त्या बैठकांत आकड्याच्या पुढचाच प्रश्न आला: 'हे बघून तुम्ही काय बदलले?' सगळीकडे ३ असलेल्या विभागाला या प्रश्नाचे उत्तरच नसते. एखाद्या ठिकाणी १.८ दाखवून 'म्हणून दुसऱ्या सेमिस्टरला अमुक बदल केला' असे लिहिणाऱ्याची बाजू पक्की असते.

मॅडम, आता तुमच्या भट्टीबद्दल. रुब्रिक वाईट नाही, तुम्ही ते भलत्या कामाला लावलेत. ते तयारी करून केलेल्या भाषणाचे रुब्रिक आहे. मुलाखत ही भाषण नव्हे. मुलाखतीत समोरच्याला बोलू दिले का, सापडलेल्या धाग्यावर पुढचा प्रश्न आला का, गप्प बसता आले का, हे बघायचे. त्या मुलीचे मोजायचे काम रेकॉर्डिंगमध्ये होते आणि तुम्ही मोजलीत स्लाइड. नारळाचे वजन करायला करवंटी तोलली.

दुसरे. गुण आणि आउटकम हे वेगळे ठेवा. गुणांत हजेरी असते, वेळेत दिले-न दिले असते, शुद्धलेखन असते, मास्तरांचा मूडही असतो. गुण हा त्या मुलाचा निकाल. आउटकम हा तुमचा, अभ्यासक्रमाचा निकाल. म्हणून त्यासाठी १८ जणांचे सगळे पेपर लागत नाहीत. एक काम निवडा, जे पहिल्या महिन्यात द्याल आणि तशाच धाटणीचे चौथ्या सेमिस्टरला पुन्हा द्याल. फरक तेवढा मोजा. नाही तर इंग्रजी शाळेतून आलेले पोर पहिल्याच दिवशी १७चे असते, दोन वर्षांनीही १७चेच, आणि आपण म्हणतो बघा आम्ही घडवले.

तिसरे, तपासणारे दोन हवेत. एकमेकांचे गुण न बघता. नावे झाकून. आणि दोघांचे किती जुळते याचा आकडा काढा. तुम्ही मुलांना आशय-विश्लेषण शिकवता ना? त्यात क्रिपेनडॉर्फचा अल्फा शिकवता, ०.८०च्या खाली आला तर निष्कर्ष जपून काढा, ०.६६७च्या खाली असेल तर सोडूनच द्या, असे फळ्यावर लिहिता. क्लाउस क्रिपेनडॉर्फ आपल्याच विषयातला माणूस. मग मुलांच्या प्रबंधाला जो नियम, तो आपल्या तपासणीला का नको? नुसते 'दोघांचे इतके टक्के जुळले' म्हणू नका. दोघांनीही सगळ्यांना ३ वाटले तर जुळणारच. अल्फा त्या योगायोगाची वजावट करतो.

---

नो_ड्यूज (सोमवार, सकाळी ९:३५)

एक्झिट सर्व्हेबद्दल माजी विद्यार्थ्याची साक्ष घ्या. (मॅडमच्या संस्थेतला नव्हे, दुसरीकडचा.)

शेवटच्या दिवशी लायब्ररी, हॉस्टेल, लॅब अशा सह्या गोळा करत फिरत होतो. विभागाच्या टेबलावर म्हणाले, आधी हा फॉर्म भर, मग सही. ३२ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५. बाहेर मित्र स्कूटर चालू करून उभा. मी वरून खालपर्यंत ५ची एक उभी रेघ मारली. माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलीने विचारले, कसले आहे रे? मी म्हटले, रेघ मार. तुमचे ते २० टक्के वजन म्हणजे माझी ती रेघ.

बाकी खरे सांगायचे तर त्या दोन वर्षांत मी एक गोष्ट शिकलो, अनोळखी माणसाला फोन करायला. पहिल्या असाइनमेंटला तलाठ्याचा नंबर डायल करून तीनदा कट केला होता. आज दिवसाला वीस फोन करतो. हे त्या ३२ प्रश्नांत कुठेच नव्हते.

---

खिळेजुळारी (सोमवार, दुपारी ३:०५)

आउटकम मला कळत नाही, कॉपी (बातमीचा मजकूर) कळते. एकतीस वर्षे मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली, छपाईच्या शिसाच्या खिळ्यांपासून संगणकावरच्या पेजमेकरपर्यंत. एम.ए. करून आलेली पोरे आम्ही कशी जोखायचो ते सांगतो, त्याला तुमच्या भाषेत काय म्हणायचे ते म्हणा.

६०० शब्दांची बातमी द्यायची, १८० करून मागायची, वेळ अर्धा तास. बातमीत मी तीन चुका पेरलेल्या असायच्या. एक आकड्यांची, बेरीज न जुळणारी. एक नावाची, वर एक आडनाव आणि खाली दुसरे. तिसरी गावाची: पेडणे तालुक्यातले गाव काणकोणात टाकलेले. पोरगा १८० शब्द झकास करायचा, मथळा द्यायचा, आणि गाव काणकोणातच. दुसरा २४० शब्दांवरच अडकायचा, पण मला येऊन विचारायचा, "काका, हे गाव तर पेडण्यात ना?" दुसऱ्याला घ्यायचो. शब्द कापायला महिन्यात शिकवता येते.

मॅडम, तुमच्या भट्टीवाल्या मुलीला मी त्याच संध्याकाळी घेतले असते. सहा मिनिटे गप्प बसणारा वार्ताहर मी एकतीस वर्षांत चार पाहिले असतील.

एक तक्रार मात्र. तुमची पोरे 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला' याशिवाय दुसरे वाक्य लिहीत नाहीत. त्याचा काही आउटकम असेल तर बघा.

---

वाळपई_लास्ट_बस (सोमवार, रात्री १०:४०)

सगळ्यांना देव बरें करूं. करवंटी वर्मी लागली.

अडीच_मार्क सर, तशाच धाटणीचे काम दोनदा, हे पटले. मनात ग्रामसभा आहे. रविवारच्या ग्रामसभेचे २० मिनिटांचे रेकॉर्डिंग ऐकवायचे. त्यावरून मराठी दैनिकासाठी ३०० शब्दांची बातमी, आणि गावच्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा एका मिनिटाचा कोंकणी ऑडिओ. एकच मजकूर, दोन श्रोते. म्हणजे 'श्रोता ओळखून' हे शब्द खरोखर तपासता येतील. इंग्रजी सादरीकरण राहू दे, पण ते इंग्रजी सादरीकरण म्हणूनच मोजू.

दोन शंका. दोन वर्षांनी तेच रेकॉर्डिंग दिले तर आठवणार. आणि सर्व्हे काढून टाकू की काय?

काका, 'संपन्न'ची शिक्षा मलाही द्या. माझ्या स्वतःच्या अहवालात आत्ता शोधले, चार वेळा आहे.

---

अडीच_मार्क (मंगळवार, सकाळी ६:५५)

रेकॉर्डिंगे दोन घ्या, साधारण सारख्या गोंधळाची. सुरुवातीला अर्ध्या वर्गाला 'अ', अर्ध्याला 'ब'. शेवटी उलटे. मग 'दुसरी ग्रामसभा सोपी होती' असे कोणाला म्हणता येणार नाही. आणि १८ मुलांच्या सरासरीवरून मोठे दावे करू नका, प्रत्येक मुलाची आधीची आणि नंतरची पातळी शेजारी शेजारी ठेवून दाखवा. इतक्या लहान वर्गात तेच बरे दिसते.

सर्व्हे काढू नका, बदला. संज्ञापनाचे अभ्यासक मॅक्क्रॉस्की यांची पीआरसीए-२४ नावाची, बोलण्याची भीती मोजणारी चाचणी आहे. २४ विधाने, चार भाग: गटचर्चा, सभा, दोघांतले बोलणे, भाषण. प्रत्येक भागात ६ विधाने, एकूण गुण २४ ते १२०. गुण जास्त तितकी बोलण्याची भीती जास्त. हेही मूल स्वतःबद्दल सांगते तेच, म्हणून पुरावा अप्रत्यक्षच. पण निम्मी विधाने उलट्या बाजूने लिहिलेली आहेत, त्यामुळे उभी रेघ मारणारा लगेच सापडतो. (नो_ड्यूज भाऊ, तुम्हीच.) सुरुवातीला द्या, शेवटी द्या, आणि सहीच्या टेबलावर मुळीच देऊ नका.

---

वाळपई_लास्ट_बस (मंगळवार, सकाळी ८:२०)

आणि ती विधाने दोनदा विचारली तर? एकदा 'इंग्रजीतून बोलताना' आणि एकदा 'घरच्या भाषेतून बोलताना'. माझी भट्टीवाली पहिल्यात शंभरी गाठेल आणि दुसऱ्यात चाळिशीत असेल, पैज लावते. तिला बोलण्याची भीती नाहीच, तिला आमच्या वर्गाची भीती आहे.

---

लेक्चर_बेसिस (मंगळवार, दुपारी १:१५)

मॅडम, कल्पना भारी. पण दुसरा तपासनीस कोण? आमच्यासारखा तासिकेवरचा. त्याला नावे झाकून तपासायचे पैसे मिळत नाहीत. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

---

वाळपई_लास्ट_बस (तीन आठवड्यांनी, शुक्रवार, रात्री ९:३०)

लेक्चर_बेसिस, तुमचे बरोबर होते. पैसे मिळाले नाहीत. सहकारी तयार झाली ती मैत्रीखातर, आणि मी तिच्या दोन निरीक्षणाच्या ड्युट्या घेतल्या म्हणून.

आधी सराव म्हणून मागच्या वर्षीच्या सहा ग्रामसभा-बातम्या काढल्या, नावे झाकली, 'श्रोत्याचे भान' हा एकच निकष घेतला आणि दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून पातळ्या दिल्या. एकही जुळली नाही. चार ठिकाणी एकेका पातळीचा फरक, दोन ठिकाणी दोन पातळ्यांचा. मला आधी वाटले तिने नीट वाचले नाही. तिला वाटले मी लाडाने दिले.

मग चहाला भांडलो. तेव्हा कळले, ती 'श्रोता' म्हणजे बाहेरून येणारा परीक्षक धरून चालली होती आणि मी गावातला माणूस. शब्द एकच, दोन वर्षे दोघी त्याच शब्दाखाली गुण देत आलो.

म्हणून 'उत्तम', 'चांगले', 'समाधानकारक' काढून टाकले आणि पातळ्या सरळ लिहिल्या. पातळी १: ठराव मंजूर झाला एवढेच कळते. पातळी २: ठराव कशाचा तेही कळते. पातळी ३: विरोध कोणी केला आणि का, ते कळते. पातळी ४: ग्रामसभेला न गेलेल्या माणसाला वाचून कळते की आपल्याला काय फरक पडणार आणि पुढे कधी, कुठे जाऊन विचारायचे. पुन्हा सहा तपासल्या. पाच जुळल्या. सहांवर अल्फा काढण्यात अर्थ नाही, तो वर्गाच्या १८वर काढू.

सहावी मात्र अडली आहे, तेवढ्यासाठी काकांना साकडे. बातमी खाडीकाठच्या खाजन शेतीची. मुलाने लिहिले, 'मानशीचे फळे मोडल्याने खारे पाणी शेतात शिरले.' सहकारी म्हणते, मानस हा बोलीतला शब्द, प्रमाण मराठीत 'जलद्वार' हवे, म्हणून पातळी २. मी ४ दिली आहे.

भट्टीवाल्या मुलीचे विचारणाऱ्यांसाठी: गुणपत्रिका गेली. दहाचे दहाच राहिले. रेकॉर्डिंग मात्र तिच्या परवानगीने आणि म्हातारीच्या परवानगीने पुढच्या वर्गाला ऐकवणार आहे, पहिली सहा मिनिटे न कापता.

---

खिळेजुळारी (शुक्रवार, रात्री १०:१०)

मानस लिहा. 'जलद्वार' लिहिलेत तर ज्याचे शेत बुडाले त्यालाच बातमी कळायची नाही. मुंबईच्या पानाला जाणार असेल तर पहिल्यांदा येईल तिथे 'भरतीचे पाणी अडवणारे दार' एवढे जोडा, पुढे मानसच. पातळी ४. सहकारीबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एकदा खाजनात घेऊन जा.

---

वाळपई_लास्ट_बस (शुक्रवार, रात्री १०:२५)

सांगते. तिने हे वाचलेच आहे, गप्प बसली आहे.

आता शेवटची मागणी. 'अ' रेकॉर्डिंग मिळाले. 'ब' हवे आहे, २० मिनिटांचे, निदान दोन विषयांवर खडाजंगी झालेली ग्रामसभा. पंचायतीचे नाव आणि माणसांची नावे आम्ही काढून टाकू. कोणाकडे आहे का?

---

नो_ड्यूज (शुक्रवार, रात्री ११:०२)

आमच्या गावचे आहे, कचरा आणि रस्त्याच्या दिव्यांवरून. पण मागे कुत्री भुंकताहेत आणि मधली चार मिनिटे माइक बंद पडलेला. चालेल?

---

वाळपई_लास्ट_बस (शुक्रवार, रात्री ११:०४)

चालेल. कुत्री राहू देत.